रॉकमधला सर्वश्रेष्ठ अल्बम कोणता? गाणं नाही, अख्खा अल्बम

मंद्रसप्तक

सर्वोत्तम बँड कोणता, सर्वोत्तम गिटारवादक कोण, यावर इथे भरपूर चर्चा झाली आहे. मला अख्ख्या अल्बमबद्दल बोलायचंय. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकायची चीज म्हणून सर्वांत मोठा अल्बम कोणता?

कसोटी आधीच मांडतो. एखादं गाणं काढलं किंवा क्रम बदलला तर बाकीची गाणी लंगडी पडली पाहिजेत. तसं होत नसेल तर तो गाण्यांचा संग्रह. उत्तम असेल, पण संग्रहच. खप आणि पुरस्कार मी धरत नाही.

माझं उत्तर: पिंक फ्लॉइडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून'.

हा अल्बम स्टुडिओत जन्मला असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात जानेवारी १९७२ पासूनच बँड ही सगळी मालिका रंगमंचावर सलग वाजवत होता. अ‍ॅबी रोड स्टुडिओत काम सुरू झालं ते त्यानंतर काही महिन्यांनी. म्हणजे लोकांसमोर वाजवून वाजवून सांधे आधीच बसले होते. शेवट हवा तसा होत नाही हेही कार्यक्रमांतच लक्षात आलं आणि मग बँडमधल्या रॉजर वॉटर्सने 'इक्लिप्स' लिहिलं. ते गाणं स्वतंत्र ऐकून बघा, दोन मिनिटांत संपतं आणि हाती फारसं काही लागत नाही. पण त्याआधीची चाळीस मिनिटं ऐकून तिथे पोचलात तर छातीत धडधडतं.

आता 'मनी' घ्या. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याची खणखण, हे आवाज टेपवर घेतले, पट्टीने मोजून सारख्या लांबीचे तुकडे कापले, चिकटवले आणि त्याचा टेप लूप, म्हणजे टोकाला टोक जोडलेली, पुन्हा पुन्हा वाजणारी टेप, फिरवला. सात मात्रांचं आवर्तन तिथूनच सुरू होतं. तबला ऐकणाऱ्या माणसाला रूपक तालाची सवय असल्यामुळे ते आपल्याला चटकन पकडता येतं. गिटारचा सोलो आला की ठेका चार मात्रांवर जातो आणि डेव्हिड गिलमोर एकदम मोकळा सुटतो. सोलो संपला की पुन्हा सात. पैशाच्या चक्रातून सुटल्याचा भास आणि परत अडकणं, हे शब्दांनी सांगायच्या आधी तालाने सांगितलंय.

आणि क्लेअर टॉरी. रविवारी बोलावलेली स्टुडिओ गायिका, मानधन तीस पौंड. 'द ग्रेट गिग इन द स्काय'साठी तिला ना शब्द दिले ना चाल. रिचर्ड राइटच्या पियानोची स्वरसंगती होती आणि विषय होता मृत्यू. आपला गळा एक वाद्य आहे असं समजून ती गायली. पुढे ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून सहसंगीतकार म्हणून तिचं नाव लागतं. हे आधीच व्हायला हवं होतं, कारण त्या गाण्यातली चाल तिचीच आहे.

मध्ये मध्ये ऐकू येणारी माणसं कोण, तेही सांगतो. वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहिले आणि इमारतीत जे कोण भेटतील त्यांना बसवून उत्तरं टेपवर घेतली. पॉल आणि लिंडा मॅकार्टनी शेजारीच काम करत होते, त्यांचीही उत्तरं घेतली, पण ती फार जपून दिलेली होती म्हणून वापरली नाहीत. अल्बमचा शेवटचा शब्द मिळाला स्टुडिओच्या दारवानाला. एका जगप्रसिद्ध कलाकाराला बाजूला ठेवून दारवानाचं वाक्य ठेवायचं, याला म्हणतात अल्बमची जाण.

तुमची उत्तरं येऊ देत. फक्त कारणांसकट.

रात्रपाळी

कसोटी मान्य, उत्तर अमान्य. बीटल्सचा 'रिव्हॉल्वर', ऑगस्ट १९६६.

मंद्रसप्तक, तुम्ही ज्या टेप लूपचं कौतुक केलंत तो सहा-सात वर्षं आधी त्याच इमारतीत फिरत होता. 'टुमॉरो नेव्हर नोज' हे अल्बममधलं शेवटचं गाणं, पण ध्वनिमुद्रित झालं सगळ्यात आधी, एप्रिल १९६६ मध्ये. जवळजवळ एकाच स्वरसंगतीवर अख्खं गाणं उभं आहे, खाली तंबोऱ्यासारखा अखंड षड्ज. लूप वेगवेगळ्या मशीनवर फिरत होते आणि टेप सैल पडू नये म्हणून स्टुडिओतली माणसं पेन्सिलीवर ती ताणून उभी होती. मिक्स करताना, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, कोणता लूप कधी वर आणायचा हे हातांनी, त्या क्षणी ठरत होतं. त्यामुळे तो मिक्स पुन्हा हुबेहूब करणं त्यांनाही शक्य नव्हतं.

जॉन लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा हवा होता. ध्वनितंत्रज्ञ जेफ एमरिक तेव्हा विशीतला पोरगा. त्याने लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला. रिंगोच्या मोठ्या ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि मायक्रोफोन स्टुडिओच्या नियमात बसत नव्हता इतका जवळ नेला. त्यानंतर रॉकमधला ड्रम तसाच वाजू लागला. आधीचे अल्बम आणि हा लागोपाठ ऐका, ड्रम खोलीतून उठून तुमच्या पुढ्यात येऊन बसलेला जाणवेल.

'एलिनॉर रिग्बी'मध्ये चौघांपैकी एकही जण वाद्य वाजवत नाही, सगळी आठ तंतुवाद्यं. 'लव्ह यू टू'मध्ये तबला आहे अनिल भागवत यांचा, आणि वेष्टनावर तसं नाव छापलंय. बाहेरच्या वादकांची नावं छापायची तेव्हा फारशी पद्धत नव्हती हे लक्षात घ्या. चौदा गाणी, पस्तीस मिनिटांच्या आत. एक गाणं दुसऱ्यासारखं नाही आणि तरी सगळी एकाच घरातली वाटतात.

खर्ज

रात्रपाळी, तुमचा अल्बम मंद्रसप्तकांच्या कसोटीवर आधीच पडलाय. अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीने 'रिव्हॉल्वर'मधली तीन गाणी काढून आधीच्या दुसऱ्या अल्बमवर टाकली होती. तिथे तो अकरा गाण्यांचाच निघाला आणि १९८७ ला सीडी येईपर्यंत तीच तिथली अधिकृत आवृत्ती होती. तीन गाणी काढूनही तो मोठा राहिला. मग?

मंद्रसप्तक

खर्ज, मुद्दा भारी आहे, पण तो नेमका उलट्या बाजूने जातो. काढलेली तिन्ही गाणी लेननची. मूळ अल्बममध्ये त्याची पाच, अमेरिकी आवृत्तीत उरली दोनच, म्हणजे जॉर्ज हॅरिसनपेक्षाही एक कमी. मूळ अल्बममध्ये मॅकार्टनीचं नितळ गाणं झालं की लेननचं झोपाळू, तिरकं गाणं येतं, आणि हे वर-खाली होणं हाच त्याचा श्वास. 'आय ॲम ओन्ली स्लीपिंग' काढलं की 'एलिनॉर रिग्बी'वरून थेट 'लव्ह यू टू'वर उडी. ऐकून बघा, ठेच लागते. कसोटीवर 'रिव्हॉल्वर' पास होतो. माझा आक्षेप वेगळा: 'यलो सबमरीन'. ते गाणं मला आवडतं, पण ते काढलं तर मला काहीच कमी वाटत नाही.

रात्रपाळी

'यलो सबमरीन' काढलं तर रिंगोचा गळा गेला. चौघांचा अल्बम तिघांचा झाला. ते चालणार नाही.

झिलई

एवढं वाचून झालं आणि अजून एकाही बाईने लिहिलेल्या गाण्याचा विषय नाही. म्हणून मी 'रूमर्स' मांडते. फ्लीटवूड मॅक, फेब्रुवारी १९७७. 'फार गोड आहे', 'सगळ्यांना आवडतो म्हणजे हलका' असं म्हणणारे येतीलच, त्यांनी आधी पुढचं वाचावं.

जॉन आणि क्रिस्टीन मॅकव्ही यांचं लग्न मोडलं होतं. लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स वेगळे झाले होते. मिक फ्लीटवूडचं घरही धड नव्हतं. ही पाच माणसं महिनोन्महिने एका स्टुडिओत. 'गो युअर ओन वे' बकिंगहॅमने निक्सला उद्देशून लिहिलं, त्यातल्या एका ओळीचा तिला मनस्वी राग होता, आणि त्याच गाण्यात मागे तिचा आवाज आहे. 'यू मेक लव्हिंग फन' क्रिस्टीनने आयुष्यात आलेल्या नव्या माणसाबद्दल लिहिलं. त्यावर बास कोण वाजवतोय? जॉन मॅकव्ही. आणि काय वाजवतोय! तक्रारीचा एक स्वर नाही, गाणं हातावर झेललंय. मला या अल्बममधलं सगळ्यात मोठं काम तेच वाटतं. ज्या गाण्याने आपलं काळीज कापलं जातंय ते गाणं सुंदर व्हावं म्हणून मन लावून वाजवायचं.

कसोटीबद्दल. तीन जण लिहितायत, तिघेही एकमेकांना उत्तर देतायत. त्यामुळे क्रमाला अर्थ आहे. 'द चेन' तर वेगवेगळ्या गाण्यांचे तुकडे जोडून तयार झालं आणि पाचही जणांच्या नावावर असलेलं त्या अल्बममधलं ते एकमेव गाणं. शेवटी बास एकटा येतो तो जोड कान देऊन ऐका, तिथे दोन वेगळी गाणी शिवलेली आहेत.

तंत्राच्या बाजूने एक सांगण्यासारखं. इतक्या वेळा टेप मशीनवरून गेली की तिच्यावरचा थर झिजायला लागला, वरच्या पट्टीतले आवाज बोथट झाले. मग ड्रमची जुनी, कमी वापरलेली प्रत शोधून काढली आणि दोन मशीन एकत्र चालवून नव्या टेपवर बाकीचं सगळं उतरवलं. दोन्हींचा मेळ बसवायला एक तंत्रज्ञ हेडफोन लावून बसला, एका कानात एक मशीन, दुसऱ्या कानात दुसरं. आपण जी चकाकी ऐकतो ती अशी वाचवलेली आहे.

आणि मंद्रसप्तक, 'काढलं तर लंगडं पडतं' म्हणता ना? स्टीव्ही निक्सचं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' एलपीवर मावेना म्हणून काढलं. ते 'गो युअर ओन वे'च्या सिंगलच्या, म्हणजे सुट्या गाण्याच्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला गेलं. म्हणजे त्याने तिच्यावर लिहिलेल्या गाण्याच्या पाठीवर तिने त्याच्यावर लिहिलेलं गाणं. अल्बममध्ये तिची ती बाजू ऐकूच येत नाही, आणि मला ती उणीव प्रत्येक वेळी टोचते.

बाराखडी

आकड्यांत रस असणाऱ्यांसाठी: रोलिंग स्टोन मासिकाच्या ५०० अल्बमांच्या यादीत २००३ आणि २०१२ मध्ये बीटल्सचा 'सार्जंट पेपर' पहिला होता. २०२० मध्ये नव्या परीक्षकांनी यादी केली तेव्हा तो २४ वर गेला आणि पहिला आला मार्व्हिन गे यांचा 'व्हॉट्स गोइंग ऑन', जो रॉक नाहीच. अल्बम तोच, ऐकणारे बदलले. आणि 'डार्क साइड' बिलबोर्डच्या दोनशेच्या यादीत सातशेहून जास्त आठवडे राहिला तरी पहिल्या क्रमांकावर एकच आठवडा होता. आकड्यांवरून काय ठरवायचं ते तुम्हीच ठरवा.

अनवट

लेड झेपेलिन, चौथा अल्बम, नोव्हेंबर १९७१. वेष्टनावर ना बँडचं नाव ना अल्बमचं, फक्त आत चार चिन्हं. 'स्टेअरवे टू हेवन' अमेरिकेत सिंगल म्हणून काढलंच नाही, हवं असेल तर अख्खा अल्बम घ्या. अल्बम ही एक वस्तू आहे या गोष्टीवर याहून मोठा विश्वास कोणी दाखवलाय?

पण माझं खरं कारण शेवटच्या गाण्यातले ड्रम. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. हेडली ग्रेंज नावाचं इंग्लंडमधलं जुनं, थंडगार घर, पूर्वीचं अनाथ-गरिबांचं आश्रयस्थान. जॉन बॉनमचा ड्रम संच खालच्या दालनात, जिन्याच्या तळाशी मांडला. ध्वनितंत्रज्ञ अँडी जॉन्सने दोनच मायक्रोफोन घेतले आणि वर जिन्याच्या कठड्यावरून खाली लोंबकळत सोडले. ड्रमजवळ एकही नाही. म्हणजे आपण ड्रमइतकीच ती भिंत, तो जिना, ती हवा ऐकतोय. वरून प्रतिध्वनीचं यंत्र लावलं आणि टेपचा वेग थोडा उतरवला, म्हणून सगळंच जड आणि चिखलातून चालल्यासारखं येतं. गाणं पुराचं आहे. ड्रमनेच पूर आणलाय.

रात्रपाळी, तुमच्या एमरिकने मायक्रोफोन जवळ नेऊन क्रांती केली, जॉन्सने दूर नेऊन.

तिहाई

अनवट, ड्रमबद्दल शंभर टक्के. पण ते गाणं कोणाचं? कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी यांनी १९२९ मध्ये ते ध्वनिमुद्रित केलं, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावर. बंधाऱ्यांवर राबवले गेलेले, घरंदारं वाहून गेलेले बहुतेक लोक कृष्णवर्णीय होते. त्या गाण्यामागे खरी माणसं आहेत. झेपेलिनने या वेळी मेम्फिस मिनीचं नाव तरी दिलं. त्याआधीच्या 'होल लोटा लव्ह' या गाण्याच्या बाबतीत ब्लूज गीतकार विली डिक्सनला कोर्टात जावं लागलं आणि १९८५ मध्ये दावा लावल्यानंतर तडजोड झाली.

मी अल्बम खाली खेचत नाही. पण 'सर्वश्रेष्ठ' म्हणताना जिन्याचं श्रेय जितक्या प्रेमाने देतो तितक्याच प्रेमाने मूळ गाणाऱ्यांचं श्रेय देऊ या. १९२९ ची ती तबकडी ऐका. दोन गिटार, एक आवाज, आणि सूर जवळजवळ आनंदी. मला ती जास्त अस्वस्थ करते.

अनवट

ऐकली. तिहाई, तुमचं पटलं. दोन्ही पाठोपाठ ऐकायला हवीत, ज्याने नुसतं झेपेलिन ऐकलंय त्याने अर्धंच ऐकलंय. माझं मत मात्र तेच राहील, कारण बॉनमने जे केलं ते त्या १९२९ च्या गाण्यात कुठेच नाही.

खर्ज

आता माझी पाळी. ब्लॅक सॅबथ, 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी', १९७१.

त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा. कारखान्यात पत्रा कापायच्या यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोप्या केल्या, वरून चामडं लावलं, हलक्या तारा वापरल्या. आणि या अल्बममध्ये काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. तारा सैल म्हणजे बोटांना त्रास कमी, पण आवाज जो खाली गेला तो गेलाच. गिझर बटलरचा बासही सोबत उतरला. हेवी मेटल म्हणून जे जड संगीत पुढची पन्नास वर्षं वाजलं त्याचा पाया या उतरवलेल्या तारांमध्ये आहे.

सगळ्यांनी स्टुडिओतल्या करामती सांगितल्या. सॅबथने पहिला अल्बम एका दिवसात वाजवून टाकला होता. इथे वेळ थोडा जास्त मिळाला, पण वृत्ती तीच. आणि मध्ये 'ऑर्किड' नावाचा दीड मिनिटाचा निव्वळ गिटारचा तुकडा आहे. तो काढला तर नंतरचं 'लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड' अर्ध्या ताकदीने आदळतं. मंद्रसप्तक, ही घ्या तुमची कसोटी.

पारवा

सगळे १९६६ ते १९७७ मध्येच अडकलेत. निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड', सप्टेंबर १९९१, यादीत हवाच. अमेरिकेत पहिल्यांदा सुमारे ४६,००० प्रतीच पाठवल्या होत्या, म्हणजे कंपनीलाही कल्पना नव्हती. जानेवारी १९९२ मध्ये तो मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला हटवून पहिल्या क्रमांकावर.

ते ओरडणारं पहिलं गाणं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून शेवटच्या 'समथिंग इन द वे'बद्दल लिहितो. बँडसोबत वाजवून ते जमेना. कर्ट कोबेन निर्माता बुच विगच्या नियंत्रण कक्षात आला आणि गाणं कसं हवं ते दाखवायला सोफ्यावर आडवा पडून जवळजवळ पुटपुटत गायला. विगने फोन बंद केला, वातानुकूलन बंद केलं, मायक्रोफोन तिथेच आणून लावले आणि तसंच घेतलं. गिटार जुनी, धड सुरातही नाही. ड्रम आणि बास नंतर त्या बेसूर गिटारीला जुळवून घ्यावे लागले, आणि डेव्ह ग्रोलसारख्या दणकट वादकाला अगदी हलक्या हाताने वाजवायला लावलं. चाळीस मिनिटांच्या गोंगाटानंतर हे येतं. जागा बदलून बघा, अल्बम कोसळतो.

रात्रपाळी खूश होतील असं एक: कोबेनला आपला आवाज दोनदा घेऊन एकावर एक चढवणं खोटेपणाचं वाटायचं. विगने सांगितलं की जॉन लेनन तसं करायचा. मग तो तयार झाला.

रात्रपाळी

पारवा, खूश तर झालोच, आणि 'समथिंग इन द वे'बद्दल पूर्ण सहमत. पण 'नेव्हरमाइंड'ची मधली दोन-तीन गाणी आपापसांत बदलली तर तुम्हाला कळेल का? मला नाही कळणार. सुरुवात आणि शेवट भक्कम, मध्य सैल.

तिहाई

मला कसोटीवरच आक्षेप आहे. 'काहीही काढता येत नाही' हा घट्ट विणलेल्या अल्बमचा गुण. रॉकचा गुण तोच आहे का?

रोलिंग स्टोन्सचा 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट', मे १९७२. दोन तबकड्या, अठरा गाणी. ब्रिटनमधल्या करापासून पळून बँड फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर गेला. कीथ रिचर्ड्सने भाड्याने घेतलेल्या नेलकोट नावाच्या बंगल्याच्या तळघरात १९७१ च्या उन्हाळ्यात काम चाललं. बाहेर फिरत्या स्टुडिओचा ट्रक, आत केबल ओढलेल्या. दमट उकाड्यात गिटारी सारख्या उतरायच्या. माणसं वेगवेगळ्या खोल्यांत, कोण कधी उगवेल याचा नेम नाही. 'हॅपी' झालं तेव्हा बाकीचे आलेच नव्हते. रिचर्ड्स, ड्रमवर निर्माता जिमी मिलर आणि सॅक्सोफोनवर बॉबी कीज, एवढ्यांनीच सुरुवात केली. नंतर लॉस एंजेलिसला बाकीचं चढवलं, गॉस्पेल ढंगाचे आवाजही तिथलेच.

मिक जॅगरचा आवाज अर्धा वेळ वाद्यांखाली दबलेला आहे आणि त्याने स्वतः या मिक्सबद्दल नाराजी बोलून दाखवलीय. पण मला तो दबलेला आवाजच हवा असतो. शब्द शोधत मी आत शिरतो. यातली दोन गाणी काढली तर अल्बम पडणार नाही, कबूल. जत्रेतली दोन माणसं घरी गेली म्हणून जत्रा मोडत नाही. ब्लूज, कंट्री, गॉस्पेल, सगळं एकाच तळघरात एकमेकांच्या अंगावर येतं आणि रॉक कशापासून झालं ते ऐकू येतं. 'डार्क साइड' मला निर्दोष वाटतो आणि त्यामुळेच मी त्याच्याकडे वर्षातून क्वचितच जातो. 'एक्झाइल'कडे सारखा जातो.

क्लॅशच्या 'लंडन कॉलिंग'चंही हेच. 'ट्रेन इन व्हेन' इतक्या उशिरा आत आलं की वेष्टनावरच्या गाण्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. आयत्या वेळी आलेलं गाणं अल्बमचं सर्वांत लाडकं होतं आणि अल्बम आणखी मोठा होतो. याला कोणती कसोटी लावणार?

मंद्रसप्तक

तिहाई, तुमचा प्रतिसाद या धाग्यावरचा सर्वांत तगडा विरोध आहे. तरी एक विचारतो. 'एक्झाइल'च्या तिसऱ्या बाजूवर 'हॅपी'पासून 'लेट इट लूज'पर्यंत जे होतं, हुंदडत सुरू होऊन शेवटी पार कोलमडणं, ते कोणीतरी बसून लावलेलंच आहे ना? पसारा ध्वनिमुद्रणात होता. क्रम लावताना कोणीतरी अगदी जागं होतं. चार बाजूंच्या चार वेगळ्या मनःस्थिती आहेत. म्हणजे माझ्या कसोटीवर तो तुमच्या म्हणण्यापेक्षा बराच वर आहे.

झिलई

मंद्रसप्तक, मग मला याचं उत्तर द्या. २०२३ मध्ये रॉजर वॉटर्सने 'डार्क साइड' एकट्याच्या नावाने पुन्हा ध्वनिमुद्रित केला. गाणी तीच, क्रम तोच. गिलमोरच्या सोलोंच्या जागी वॉटर्सचं बोलणं, टॉरीचा तो मोकळा सुटलेला गळा नाही. एकही गाणं काढलेलं नाही, तरी तो अल्बम तो नाही. म्हणजे क्रमापेक्षा त्या खोलीतली माणसं मोठी. म्हणूनच मी 'रूमर्स' म्हणते. तिथे माणसंच विषय आहेत.

मंद्रसप्तक

झिलई, वॉटर्सचा नवा अल्बम मी आदराने ऐकला. म्हाताऱ्या माणसाने मागे वळून बघावं तसा तो आहे. तुमचं म्हणणं खरं आहे, आणि ते मी कसोटीत जोडून घेतो: गाणं काढता येऊ नये आणि माणूसही काढता येऊ नये. या दुहेरी कसोटीवर 'रूमर्स' माझ्याकडे दुसऱ्या क्रमांकावर आला, 'रिव्हॉल्वर'च्या वर. पहिल्यावर मी ठाम आहे. राइटचे की-बोर्ड काढा, निक मेसनचे 'टाइम'च्या सुरुवातीचे ते सुट्टे ड्रम काढा, ध्वनितंत्रज्ञ अ‍ॅलन पार्सन्सने घड्याळांच्या दुकानात जाऊन टेपवर आणलेले ठोके काढा, प्रत्येक वेळी अल्बम तितकाच मोडतो.

रात्रपाळी

तिसरा? हरकत नाही, मी 'रिव्हॉल्वर'वरून हलत नाही. फक्त प्रत्येकाने आपण कोणता मिक्स ऐकतोय ते सांगावं. बीटल्सच्या या काळातले अल्बम मोनोमध्ये घडलेत, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. 'सार्जंट पेपर'च्या मोनो मिक्सला चौघे हजर असायचे, स्टिरिओ मिक्स नंतर निर्माता जॉर्ज मार्टिन आणि एमरिक यांनी त्यांच्याशिवाय उरकला. 'शीज लीव्हिंग होम' मोनोमध्ये वेगाने आणि वरच्या पट्टीत आहे. दोन माणसं त्याच अल्बमवर भांडत असतील तर ती कदाचित दोन वेगळे अल्बम ऐकत असतील.

बाराखडी

मी 'रिव्हॉल्वर' आणि 'एक्झाइल' कधीच सलग ऐकलेले नाहीत, आता ऐकणार. रात्रपाळी, 'रिव्हॉल्वर' कोणता घेऊ?

रात्रपाळी

आधी मोनो. स्टिरिओ आवृत्तीत आवाज एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात अशी फाळणी होते, हेडफोनवर तर फारच खटकते. त्यानंतर जाइल्स मार्टिनने २०२२ मध्ये केलेला नवा स्टिरिओ मिक्स. 'टॅक्समन'चे ड्रम, बास आणि गिटार मूळ टेपवर एकाच ट्रॅकवर होते, वेगळे करणं शक्यच नव्हतं. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने तयार केलेल्या संगणकीय तंत्राने ते सुटे झाले आणि मॅकार्टनीचा बास पहिल्यांदा मोकळा ऐकू येतो. 'टॅक्समन'मधला गिटार सोलोही मॅकार्टनीचाच आहे, गाणं हॅरिसनचं असूनही. दोन्ही मिक्समध्ये तो सोलो ऐका आणि इथे येऊन लिहा.